तिला विचारून घेतो

"आदी उन्हात आन बघू," असं म्हणून ती माझ्या दुकानातल्या कोऱ्या करकरीत फोनवर आपला ओला अंगठा टेकवायची. अंगठ्याला मासळीचा वास आणि एखादं खवलं हमखास. फोन पुसायचं काम अर्थात माझं.

तुमच्याही बाजारात अशी एक बाई असेलच, जिला विचारल्याशिवाय कुणी काही घेत नाही. आमच्या बोईसरला ती जवळच्या मुरबे गावची एक कोळीण होती. माझ्या मोबाईलच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे टोपली घेऊन बसायची. मी गिऱ्हाइकाला अर्धा तास कॅमेरा, मेमरी, प्रोसेसर समजावून सांगायचो. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि फोन हातात घेऊन म्हणायचं, "जरा तिला विचारून घेतो."

माझा नुसता जळफळाट व्हायचा. नवा फोन बाजारात येण्याआधी त्याची कुंडली मला पाठ असते, आणि निकाल देणार कोण, तर बोंबील निवडता निवडता ही!

भर उन्हात अक्षरं दिसली पाहिजेत, ओल्या बोटाला फोनने दाद दिली पाहिजे आणि बाजाराच्या गलक्यात आवाज ऐकू आला पाहिजे. बाकी कशाशी तिला घेणं नव्हतं. मी कॅमेऱ्याचं कौतुक केलं की म्हणायची, "फोटो काय खायचाय? पोराचा होडीवरून फोन आला तर आयकू आला पायजे." कारखान्यातले कामगारसुद्धा "मौसी, ये वाला लूँ क्या?" म्हणत तिच्यापुढे उभे राहायचे. तिनं नको म्हटलेले फोन खरंच महिन्याभरात माझ्याकडे दुरुस्तीला यायचे. हे मी आजवर कुणाजवळ कबूल केलेलं नाही.

एकदा मी तिची जिरवायचं ठरवलं. बोटाच्या ठशावर उघडणारा फोन घेऊन रस्ता ओलांडला आणि चार माणसांदेखत म्हटलं, "मावशी, बघा तर लावून." तिनं अंगठा लावला. फोन काही केल्या ठसा घेईना. दहाही बोटं लावून झाली. लोक हसले, मीही हसलो. ती मात्र आपल्या बोटांकडे बघत राहिली.

"बरफानं आनि कोयत्यानं रेगा खाल्ल्या रे माज्या," ती म्हणाली. मग फोन परत देत, "ह्यो आमच्या बायांना विकू नको." मला माझीच लाज वाटली, पण जळफळाट काही कमी झाला नाही.

कारण खरा घाव घरून बसला. आईला नवा फोन हवा होता. मी तीन चांगले बाजूला काढून ठेवले होते. आई बाजारात गेली आणि दुसऱ्याच दुकानातला चौथा घेऊन आली. "तिनं सांगितला हा. तू काय, विकायलाच बसलायस," आई म्हणाली. पोटच्या पोरापेक्षा कोळणीचा शब्द मोठा! त्या आठवड्यात मी घरी मासे खाल्ले नाहीत.

मागच्या दिवाळीनंतर ती पहिल्यांदाच माझ्या दुकानाची पायरी चढली. चाचपडत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. "माजा फोन गेला. मला आता दिसत नाय. तूच सांग, कोंचा घेऊ?"

एवढी वर्षं हेच ऐकायला माझे कान आसुसले होते. मी दुकानातले सगळे फोन खाली काढले आणि मोठ्या आवाजाचा, धड बटणांचा एक निवडला. तिनं काहीच तपासलं नाही. पिशवीत टाकला आणि गेली.

त्यानंतर ती बाजारात आली नाही. तिच्या जागी आता सून बसते. परवा धीर करून तिला विचारलं, "मावशींचा फोन कसा चालतोय?"

"आई कोनाला हात लावू देत नाय त्याला. सगल्यांना सांगते, त्या पोरानं निवडलाय, त्याला कलतं."

घरी आल्यावर आईनं विचारलं, "तिची काही खबर?"

"बरी आहे," एवढंच म्हटलं. पुढचं सांगितलं असतं तर आईपुढे माझी मान ताठ झाली असती. पण तिचं ते वाक्य मला कुणाशीही वाटून घ्यायचं नव्हतं, आईशीसुद्धा.