शंभर वर्षांचं जुनं स्टेडियम, नवंकोरं

अमेरिकेतल्या एका फुटबॉल क्लबला शंभर वर्षांचं जुनं स्टेडियम हवं होतं. तेही नवंकोरं, आणि जमलं तर जरा लवकर. क्लब स्वतः अजून दुधाच्या दातांचा. पण पैसा असला की म्हातारपणसुद्धा ऑर्डर करता येतं, म्हणून त्यांनी ते सिंगापुरातल्या आमच्या ऑफिसकडे ऑर्डर केलं.

मंडळी आधी युरोपला जाऊन आली होती. टूरवरून आलेले नातेवाईक जसे बळंबळं फोटो दाखवतात, तसे त्यांनी आम्हाला तासभर फोटो दाखवले. विटा इंग्लंडच्या हव्यात, गोलमागचा उभ्या चढाचा स्टँड जर्मनीचा हवा, बाहेरचे गोल गोल रॅम्प इटलीचे हवेत. लग्नाच्या बुफेत पोरं गुलाबजामच्या पाकातच पावभाजी वाढून घेतात ना, तसं ते ताट झालं होतं. आमचे साहेब म्हणाले, व्वा, काय दृष्टी आहे! साहेबांना पगार त्याचाच मिळतो.

माझं काम नजररेषांचं. म्हणजे पुढच्याच्या डोक्यावरून मागच्याला चेंडू दिसला पाहिजे. एवढंच. गावातल्या तमाशाच्या फडात लोक हे काम 'ए, खाली बस की!' असं ओरडून करतात. आम्ही आर्किटेक्ट लोक त्याला शास्त्र म्हणतो. दिवसभर मी कॉम्प्युटरवर एका काल्पनिक अमेरिकन माणसाच्या डोळ्यातून एक रेघ काढायची, ती त्याच्या पुढच्या काल्पनिक माणसाच्या टकलावरून न्यायची आणि मैदानाच्या कडेला टेकवायची. अशी हजारो माणसं मी बसवली. सिंगापुरातल्या क्लेमेंटी भागात माझ्या बिल्डिंगखाली 'इथे चेंडू खेळू नये' अशी सरकारी पाटी आहे, आणि तिच्या वरच्या मजल्यावर बसून मी अमेरिकेला फुटबॉलचं वातावरण पुरवत होते.

गंमत अशी, की मी स्वतः आयुष्यात एकही मॅच मैदानात बसून बघितली नव्हती. आणि मी कोल्हापूरची! सगळा देश क्रिकेटच्या नावाने आरती करत असताना फुटबॉलसाठी दुकानाचं शटर ओढणारं आमचं गाव. अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. मॅचच्या दिवशी त्यांना थांबवून घ्यायची कुठल्याच फोरमनची टाप नव्हती. मला मात्र त्यांनी कधी नेलं नाही. म्हणायचे, "पोरीबाळींची जागा न्हाई ती. लई शिव्या असत्यात." शिव्या तर आमच्या नळावरही होत्या, रोज आणि पाण्याआधी. पण ते असो.

रात्री जेवताना ते अख्खी मॅच ताटात मांडायचे. दोन वाट्या म्हणजे दोन गोल, शेंगदाणा म्हणजे चेंडू. आई म्हणायची, अन्नाशी खेळ नको. शेंगदाणा तरी आमटीत जाऊन पडायचाच. आणि आमच्याकडे मॅच बघून आलेल्याला पहिला प्रश्न 'कोण जिंकलं' हा नसतो. पहिला प्रश्न, 'कुठं बसला हुतास?' कारण प्रत्येक पेठेची बाजू ठरलेली असते, आणि माणूस कुठे बसला यावरून तो कोणाचा ते कळतं. मीसुद्धा आधी तेच विचारायचे. "आपल्यातच की," असं म्हणून अण्णा शेंगदाणा हलवायचे.

यंदा अण्णा क्लेमेंटीला आले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगून टाकलं होतं, की पडद्याचा मधला भाग चाललाय, परत यायचा नाही. कडा राहतील. समोरच्याचे कान दिसतील, तोंड दिसणार नाही. मी चांगी विमानतळावर त्यांना घ्यायला गेले तेव्हा ते माझ्या खांद्याकडे बघत म्हणाले, "कानावरनं बी वळखली बग तुला." मला रडू फुटलं. मी ते ट्रॉली ढकलायच्या नावाखाली लपवलं.

दुसऱ्याच दिवशी चहा पिताना त्यांनी आपली मागणी सांगितली. डोळे पुरते जायच्या आत एक मॅच बघायची. मैदानात बसून, माझ्याबरोबर.

"आणि शिव्यांचं काय?" मी विचारलं.

"इंग्रजीत असतील की. मला कुठं कळत्यात?"

मी बरी सोडते! आता हे करायचंच, असं मी ठरवून टाकलं.

सकाळी घरून माझी अमेरिकेशी मीटिंग असायची. त्यांची संध्याकाळ, माझे पोहे. पलीकडून एक बाई 'ऑथेंटिक' हा शब्द इतक्या वेळा म्हणाली, की अण्णांना वाटलं ते तिचं आडनाव आहे. क्लबवाल्यांना विटा थोड्या कोपरे उडालेल्या हव्या होत्या. गोलमागच्या स्टँडमध्ये लोकांनी उभं राहून गाणी म्हणावीत अशी त्यांची इच्छा होती. मग गाणी कोण लिहिणार, यावर त्यांनी एक समिती नेमली. पेठ नाही, तालीम नाही, दोन पिढ्यांचं वैर नाही, आणि गाण्यांची समिती!

मीटिंग संपली तसं अण्णांनी विचारलं, "टीम कशी हाय त्यांची?"

मला माहीत नव्हतं. इतके महिने झाले, कोणी बोललंच नव्हतं. पुढच्या मीटिंगमध्ये मी अगदी साळसूदपणे विचारलं. पलीकडे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी एकजण म्हणाला, टीमवर काम चालू आहे. अण्णांना सांगितलं तर ते इतके हसले की चहा सांडला. म्हणाले, "मांडव घातलाय आनि नवरा बघायचाय अजून!"

मग मी तिकिटं काढली. आणि इथे माझ्यातला आर्किटेक्ट जागा झाला, त्याला आग लागो. सिंगापूरच्या मोठ्या स्टेडियमचा नकाशा उघडून मी रीतसर नजररेषा काढल्या. मधोमध, बरंच वर, जिथून दोन्ही गोल सारखे दिसतात आणि कोणाचंही टक्कल आड येत नाही, अशी पुस्तकातली आदर्श जागा. साध्या माणसाने 'म्हाताऱ्याला पुढे बसवा' म्हटलं असतं. पण मी शिकलेली ना!

अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मॅच सुरू झाली. खाली मुंग्यांएवढे खेळाडू, आणि मुंगीने ढकललेला चेंडू. मी विचारलं, "अण्णा, दिसतंय ना?"

"लई भारी दिसतंय."

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं. लोक ओरडायचे, टाळ्या वाजवायचे, आणि अण्णांच्या टाळ्या त्यांच्या मागून यायच्या. प्रत्येक वेळी, जरा उशिरा. ते कानाने ऐकून टाळ्या वाजवत होते. हजारो परक्या माणसांना चेंडू दाखवणारी मी, आणि शेजारी माझा बाप अंदाजाने टाळ्या वाजवतोय!

परतीच्या एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मी त्यांच्यावरच भडकले. "खोटं कशाला बोललात?"

"खोटं न्हाई बोललो. छप्पर दिसलं, मानसं दिसली, कडंकडंनं सगळं दिसलं. मधलं तेवढं न्हाई दिसलं." मग म्हणाले, "तुझ्या अमेरिकावाल्यांला आवडलं असतं."



त्यांचं परतीचं विमान रविवारचं होतं. शनिवारी संध्याकाळी मी त्यांना टॅम्पिनीसला दुसऱ्या एका मॅचला घेऊन गेले. तिथलं मैदान म्हणजे एकाच इमारतीच्या कुशीत मॉलसारखी दुकानं, लायब्ररी, खाण्याच्या टपऱ्यांचं हॉकर सेंटर आणि मध्ये हिरवळ. वरच्या मजल्यांवरून लोक कठड्याला टेकून फुकट बघतात. माझ्या पुस्तकात असल्या जागेला आदर्श म्हणत नाहीत. आम्ही सगळ्यात खालच्या रांगेत बसलो. इतकं जवळ, की खेळाडूंचे श्वास ऐकू येत होते.

अण्णांनी चेंडूकडे बघितलं की चेंडू गायब व्हायचा. मग ते मुद्दाम कोपऱ्यातल्या झेंड्याकडे बघायला लागले, म्हणजे डोळ्याच्या कडेने गोल दिसेल. मागच्या रांगेतला एक शाळकरी पोरगा कळवळून म्हणाला, "अंकल, बॉल दॅट साइड लाह!" अण्णा हसले आणि झेंड्याकडेच बघत राहिले. पण खेळ पळत होता, आणि झेंडा होता तिथेच. हळूहळू त्यांनी मान खाली घातली.

मला सहन होईना. मी बोलायला लागले.

"आता लालवाल्याकडे आहे. तो पळतोय. पळतोय अजून. अरे, याला कोणी अडवत का नाही!"

"लालवाला कंचा? नंबर सांग की."

"सात. सातने त्या बुटक्याला दिला."

"पायानं दिला का डोक्यानं?"

"पायाने. बुटका पडला. आपोआप पडला, मेला नाटकी आहे."

"ते सगळीकडंच असतंय. म्होरं?"

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. ऑफसाइड म्हणजे काय ते अण्णांनी मला तिथेच शिकवलं, आणि मी पुढच्याच मिनिटाला चुकीच्या ठिकाणी ओरडले. घसा बसला. एकदा गोल झाला तेव्हा मी नुसतीच किंचाळून उभी राहिले, सांगायचं विसरूनच गेले. अण्णांनी माझा हात ओढला. "अगं भवाने, झाला का?" "झाला, अण्णा, झाला!" आणि मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या बरोबर, आणि सगळ्यांपेक्षा जोरात.

परत येताना टॅम्पिनीसपासून क्लेमेंटीपर्यंत ते फोनवर होते. पेठेतला त्यांचा जुना दोस्त. सिंगापूरच्या मेट्रोच्या डब्यात लोक कुजबुजतातसुद्धा जपून. अण्णा मात्र वर्कशॉपमधल्या आवाजात अख्खी मॅच सांगत होते. सातने तिघांना चकवलं म्हणाले. मी एकच सांगितला होता. चेंडू बारला दोनदा लागला म्हणाले. तो एकदाही लागला नव्हता. लहानपणीचा तो शेंगदाणाही असाच पळायचा काय, असं माझ्या मनात आलं.

मग पलीकडच्याने काहीतरी विचारलं. फोन स्पीकरवर नव्हता, पण प्रश्न मला न ऐकताही कळला. कोल्हापूरचा माणूस तोच विचारणार.

अण्णा माझ्या कानाकडे बघत होते.

"कुठं म्हंजे?" ते म्हणाले. "पोरीशेजारी बसलो हुतो की."