व्हिडिओतलं कोड

मावशीच्या घरात माझ्या नोकरीबद्दल कुणी कधी विचारत नसे. बरीच वर्षं मला ते सौजन्य वाटत होतं. मी मिरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये राहतो आणि व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत चाचणीचं काम करतो. ते काम काय असतं हे सांगायला घेतलं की माणसं एरवीही विषय बदलतात. पण मावशीचं कारण वेगळं होतं. कुणाच्या तरी बारशात मी 'व्हिडिओ कोडिंग' असं म्हणालो होतो आणि तिने त्यातलं फक्त कोड ऐकलं होतं.

तिच्या मुलीच्या डाव्या गालावर आणि मानेवर दहावीपासून कोड होतं. त्या घरात हा शब्द उच्चारायचा नाही, 'ते' म्हणायचं, असा नियम होता. 'ते' वाढलं का, 'त्या'ला नवीन मलम आणलंय. माझा पगार 'त्या'तून येतो अशी मावशीची समजूत होती, म्हणून माझ्या नोकरीचाही उच्चार बंद.

मुलीचं लग्न जमवायला घेतल्यावर बायोडेटात वर्णाच्या रकान्यात मावशीने 'गोरा' असं लिहिलं. ते अगदीच खोटं नव्हतं. काही भागापुरतं खरं होतं आणि तो भाग वाढत होता. फोटो उजव्या बाजूने काढलेला होता. मस्कतला नोकरी करणाऱ्या एका मुलाकडून होकारार्थी निरोप आला. त्याचे आईवडील नव्हते, पनवेलच्या आत्याने त्याला वाढवलं होतं. दाखवण्याचा कार्यक्रम व्हिडिओवर होणार होता.

मावशी मोरव्याहून दोन रिक्षा बदलून माझ्याकडे आली. चहा संपेपर्यंत ती हवापाण्याचं बोलली. मग तिने विचारलं, "तू ते व्हिडिओतलं कोड घालवतोस ना रे? मग आमच्या हिचं तेवढं घालव."

शब्दाचा घोळ तिथेच सोडवायला हवा होता. पण योगायोग असा, की नेमकं तेच करणारी वस्तू त्या महिन्यात माझ्याकडे होती.

आठवड्यापूर्वीच कंपनीत त्या वस्तूच्या अनावरणाचा सोहळा झाला होता. प्रमुख पाहुण्यांनी दिल्लीहून बटण दाबून विजेच्या समईचं दीपप्रज्वलन केलं. समई बटणाच्या आधीच लागली, टाळ्या त्याच्याही आधी. मग आमचे साहेब व्हिडिओच्या भविष्यावर बोलले. आजवर आपण चेहरा एकदा पूर्ण पाठवत आलो आणि नंतर फक्त जे हललं तेवढं. यापुढे चेहरा पाठवायचाच नाही. डोळे, ओठ, हनुवटी यांच्या जागा सांगणारे थोडे आकडे पाठवायचे. बाकीचा चेहरा पलीकडचं यंत्र आपल्या मनाने रंगवेल. यंत्राने लाखो चेहरे पाहिलेले आहेत. चाचणीत त्याने माझ्या हनुवटीवरचा मस उडवला आणि एका सहकारी बाईंची टिकली पुसली. त्वचेवरचा डाग म्हणजे उजेडाची चूक, असं त्याने ठरवलं होतं. मी रीतसर दोष नोंदवला. साहेबांचं उत्तर आलं, की लोकांना हे आवडेल.

मी मावशीला चाचणीची लिंक पाठवली.

कॉलच्या दिवशी मावसबहिणीने पावडर लावायला नकार दिला. जे आहे ते त्यांना दिसू दे, असं ती आईला म्हणाली आणि खिडकीसमोर, डावा गाल उजेडात ठेवून बसली. पडद्यावरच्या स्वतःच्या चौकटीत तिला तिचा खरा चेहरा दिसत होता, कारण तो तिच्याच कॅमेऱ्यातून थेट येतो. यंत्राचं रंगकाम फक्त पलीकडच्यांसाठी असतं. मी आतल्या खोलीत मावशीच्या फोनवर पलीकडचा म्हणून जोडला गेलो होतो. मावशी मधेच पाणी आणायच्या निमित्ताने आत आली, फोन माझ्या हातातून घेतला आणि त्यात पाहत राहिली. पाणी न घेताच बाहेर गेली. जाताना तिने त्या चेहऱ्याचा फोटो पाडून घेतला होता.

तीन कॉल झाले. पहिल्याला पनवेलहून आत्याबाईही होत्या. मुलाने स्वयंपाक, नोकरी, मस्कतचा उन्हाळा यांविषयी विचारलं, गालाविषयी एकदाही नाही. तिसऱ्या कॉलनंतर ती मला म्हणाली, "दादा, त्याने एका शब्दाने विचारलं नाही." इतकं हसताना मी तिला दहावीनंतर पाहिलं नव्हतं. सांगायला ती वेळ चांगली होती. मी म्हटलं, माणूस समजूतदार दिसतोय.

आत्याबाई घर बघायला आल्या त्या रविवारी मावशीने मला मुद्दाम बोलावलं होतं. मुलगी ट्रे घेऊन बाहेर आली. आत्याबाईंनी तिला जवळ बोलावलं, अंगठ्याला थुंकी लावली आणि तो तिच्या गालावरून दोनदा घासला. मग अंगठा उजेडात धरून पाहिला. त्यावर काही लागलं नव्हतं.

"हे कधी झालं?"

"पहिल्या दिवशी दिसलं होतं ना तुम्हाला?" तिने विचारलं.

"काय दिसलं होतं?"

ती आईकडे वळली नाही. माझ्याकडे वळली. "दादा, त्यांना काय दिसत होतं?"

मी सांगितलं. थोडे आकडे जातात, बाकीचं यंत्र रंगवतं, आणि सरासरी चेहऱ्यात ते बसत नाही, असं सगळं सांगितलं. इतक्या सोप्या शब्दांत मी ते ऑफिसातही कधी मांडलं नव्हतं. आत्याबाई लक्षपूर्वक ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी अंगठा रुमालाला पुसला आणि चपला कुठे काढल्या ते विचारलं. मुलाचं स्वतःचं मत काय होतं, हे कळायला मार्ग नाही. त्या संध्याकाळी त्याने तिचा फोन उचलला नाही.

मावसबहीण त्या रविवारपासून माझ्याशी बोललेली नाही. दोन महिन्यांनी तिने पुण्यात नोकरी घेतली. ती आईला रोज आठ वाजता न चुकता कॉल करते, कॅमेरा बंद ठेवून. पडद्यावर जांभळा गोल येतो आणि त्यात तिच्या नावाचं पहिलं अक्षर. मावशी त्या अक्षराला जेवलीस का विचारते. तिच्या स्वतःच्या डीपीवर मात्र मुलीचा तो चेहरा आहे, आतल्या खोलीत पाडून घेतलेला, नितळ.

परवा मी गेलो होतो तेव्हा कॉल चालू होता. मावशीने फोन माझ्यापुढे धरला आणि हळूच विचारलं, कॅमेरा बंद असताना तुझं यंत्र रंगवू शकतं का. मी खरं ते सांगितलं, की त्यावर काम चालू आहे.

गोलातून आवाज आला, "कोण आलंय गं?"

"कुणी नाही," मावशी म्हणाली.