पुतणीच्या मशीनची केबल

आमच्याकडे अजूनही म्हणतात की पुतणीने हट्टाने मशीन बसवली आणि जाळून ठेवली. हे खरं नाही. चूक माझी होती. ती गप्प राहिली म्हणून माझी लाज राहिली.

पुतणी, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी, धारला शाळेत गणित शिकवते. तेव्हा मायनिंगचं वेड होतं. उघड्या सांगाड्यावर चार ग्राफिक्स कार्डं लावायची, कॉम्प्युटर अखंड चालू ठेवायचा, आणि त्या कामाबद्दल डिजिटल कॉइन मिळायचं. भावाची अट एकच, वायरिंग काका करतील. देवासच्या कारखान्यात माझा जन्म इलेक्ट्रिकचे पॅनेल बांधण्यात गेला होता.

तिने आधीच बजावलं, "काका, वीज देणाऱ्या सप्लायच्या डब्यापासून प्रत्येक कार्डाला वेगळी केबल. एका केबलला दोन प्लग आहेत, पण त्यावर दोन कार्डं घेऊ नका. फार तापेल."

"तू गणित शिकव," मी म्हणालो. "तारा मला कळतात."

"बरं भिया," ती नाक्यावरची पोरं एकमेकांना 'भैया' म्हणतात तशा सुरात म्हणाली. भाऊ खो खो हसला.

पण चार केबलींचा गुंता माझ्या डोळ्यांना खुपत होता. आमच्या पॅनेलमधल्या तारा विंचरल्यासारख्या दिसायच्या. मी दोनच केबली घेतल्या आणि मेणाच्या दोऱ्याने, दर चार बोटांवर कारखान्यातली दुहेरी गाठ मारत, घट्ट बांधल्या. मशीन तासभर चालली की प्रत्येक जोड हाताच्या पाठीने चाचपायचा, हा माझाच नियम. त्या दिवशी देवासची बस चुकेल म्हणून तोही सोडला.

आठवड्याने जळका वास आला. पुतणीने धावत जाऊन मेन स्विच पाडला. सप्लायकडचा प्लग वितळला होता, कार्डं मात्र वाचली. भावाने फोनवर विचारलं, "दादा, असं कसं झालं?"

"सप्लायच हलका घेतला असेल तिने," मी म्हणालो.

भावाने मशीन उचलून माळ्यावर टाकायला लावली.

गेल्या महिन्यात धारला जाऊन दोघांसमोर सगळं सांगितलं. पुतणी आत गेली आणि एक डबा घेऊन आली. त्यात तो काळा प्लग होता, वीतभर केबल होती, आणि तिच्यावर अर्धी जळलेली माझी गाठ.

"अशी गाठ आपल्याकडे दुसरं कोण मारतं?" ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?" भावाने विचारलं.

"काकांनी बोलायचं होतं."

भावाने डब्यातला प्लग उचलून हातात घेतला. "मी हिला किती ऐकवलंय, दादा," तो म्हणाला.

मग तिने माळ्यावरून मशीन काढवली. तीच कार्डं आता मुलांसाठी गणिताचे व्हिडिओ बनवायला हवी होती. नव्या केबली तिने माझ्याच हातात दिल्या. माझ्या हातात, याचं मला अजून नवल वाटतं. चार कार्डांना चार केबली दिल्या, प्लग टक् वाजेपर्यंत बसवले, दोरा लावलाच नाही. तासाभराने एकेक प्लग हाताच्या पाठीने चाचपला. कोमट होते.

"बस गेली असेल, काका," ती म्हणाली.

"जाऊ दे," मी म्हणालो, आणि पुन्हा पहिल्या प्लगपासून सुरू केलं.