कोरी फेरी

आमच्या ह्यांना मी पसंत केलं तेव्हा सोबत एक सवत येणार आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ती असते प्रयोगशाळेत. स्टीलची, कपाटाएवढी आणि सदा तापलेली. सुगंधी तेलांत काय काय आहे ते सांगणं हे तिचं काम आणि तिची मर्जी सांभाळणं हे ह्यांचं. माझा वाढदिवस विसरतील, पण तिचा गॅस सिलिंडर कधी बदलला ते झोपेतून उठवून विचारा.

काम मात्र नाजूक. तेलाचा इवलासा थेंब सुईने आत सोडायचा. आत केसासारख्या नळीचं लांबच लांब वेटोळं असतं. त्यातून तेलातला एकेक घटक आपापल्या वेळेला बाहेर पडतो, घरी आलेल्या पाहुण्यांसारखा. कुणी चहा संपताच उठतो, कुणी दारात चपला घालूनही बोलतच राहतो. बाहेर पडला की पुढचं यंत्र त्याचे तुकडे करतं, तुकडे तोलतं आणि त्यावरून तो कोण ते ओळखतं. कागदावर प्रत्येकाची एक उभी रेघ उमटते.

ह्यांचा एक नियम आहे. कुठलंही तेल घालण्याआधी, ते ज्यात पातळ करतात तो नुसता द्रावक सोडून बघायचा, म्हणजे आधीच्या तेलाचं काही आत चिकटून राहिलं असेल तर कळतं. ह्याला ते 'कोरी फेरी' म्हणतात. हाताखालच्या प्रत्येकाला ह्यावरून भंडावून सोडलंय. घरीही सुटका नाही. भाजी चाखण्याआधी घोटभर पाणी पितात, बोट वर करून "कोरी फेरी!" म्हणतात आणि मग मीठ कमी असल्याचं जाहीर करतात.

अशा माणसाच्या लेकीने लग्न ठरवावं ते नेमकं तेलवाल्यांच्या मुलाशी! बापलेक जिरेनियमची पानं वाफवून तेल काढतात. पहिल्याच भेटीत मुलाच्या वडिलांनी ह्यांच्या हातात प्रेमाने एक काचेची बाटली ठेवली. दुसरा कुणी असता तर वास घेऊन "वा!" म्हणाला असता. हे दुसऱ्या दिवशी बाटली खिशात घालून सवतीकडे गेले.

संध्याकाळी आले ते नाक वर करूनच.

"भेसळ आहे. अत्तर पातळ करायला घालतात ते रसायन. चक्क रेघ आलीय."

"अहो, लग्न मुलाशी करायचंय, बाटलीशी नाही," मी म्हटलं.

"तेलात फसवणारी माणसं नात्यात काय करतील?" असं म्हणत ह्यांनी फोन लावलासुद्धा. तुमच्या तेलात भेसळ आहे, हे लग्न होणार नाही, असं थेट सांगून मोकळे. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"साहेब, भेसळ करायला माझ्याकडे आहेच काय? भांडं, पानं आणि पाणी."

आणि फोन बंद झाला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लेक रडली नाही. जेवताना तिने शांतपणे बापाकडे बघितलं. तो नियम ऐकतच वाढलेली पोर ती.

"बाबा, कोरी फेरी घेतली होती?"

ह्यांचा घास तोंडातच राहिला.

"जेवणाच्या सुट्टीत घातलं गं. घरचं काम, वरिष्ठांच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून जरा घाईत…"

"आणि त्याच्याआधी सुईत काय होतं?"

"अत्तर. बाजारातलं," हे ताटाकडे बघत म्हणाले.

भाजीत त्या दिवशी मीठ खरंच कमी होतं, पण ह्यांनी ते जाहीर केलं नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी नुसता द्रावक सोडला, तर ती रेघ तिथेच, तशीच. सुई धुतली, यंत्र साफ केलं, पुन्हा तेल घातलं. रेघेचा पत्ता नाही. घरी आले तेव्हा चेहरा एवढासा झाला होता.

"लावा आता फोन," मी म्हटलं.

"आरोप फोनवर केला. माफी तरी समोर जाऊन मागतो."

आम्ही तिघं त्यांच्या शेडवर गेलो. भांड्याखाली जाळ चालू होता, पानांचा ओला ढीग पडला होता. मुलगा भांड्यापाशी उभा राहिला, पुढे आला नाही. त्याच्या वडिलांनी स्टूल पुढे सरकवलं आणि पाण्याचा ग्लास दिला. इतकं ऐकून घेतलेल्या माणसाने दिलेला तो ग्लास बघून माझीच मान खाली गेली. ह्यांनी ग्लास रिकामा केला आणि तसेच बसून राहिले.

लेक वाकून हळूच म्हणाली, "बाबा, कोरी फेरी झाली. आता बोला."

मग हे उठून उभे राहिले. कोऱ्या फेरीचा आणि नंतरच्या तेलाचा, असे दोन्ही कागद त्यांनी पुढे धरले.

"ही रेघ तुमच्या तेलाची नव्हती. माझ्या सुईची होती. तुमचं तेल निर्मळ आहे. चूक माझी."

त्या गृहस्थांनी कागदांकडे बघितलंही नाही. भांड्यापाशी उभ्या मुलाला ते म्हणाले, "अरे, बघतोस काय? सूनबाईलाही पाणी दे."

माझे डोळे भरून आले. धुरामुळे नव्हे. 'चूक माझी' हे ह्यांच्या तोंडून मी आख्ख्या संसारात पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तेही विहिणीच्या नात्याने.