पाणी कुठे अडले, हे विचारणारे अप्पासाहेब

श्री. चनवीरप्पा, म्हणजे आम्हा सर्वांचे अप्पासाहेब, यांची नि माझी पहिली गाठ माझ्याच तुंबलेल्या मोरीवरून पडली. मी ड्रेनेज खात्यात नुकताच कारकून म्हणून लागलो होतो आणि ते तिथे ओव्हरसियर होते. आता आपण खात्यातलेच, तेव्हा काम चुटकीसरशी होईल, अशा समजुतीने मी त्यांच्या टेबलाशी गेलो. मान वर न करता त्यांनी विचारले, "एकच मोरी तुंबते, का घरातल्या सगळ्या?" एकच, मी म्हणालो. "पाणी नुसतं जात नाही, का खालून वर येतं?" जात नाही. "वरच्या मजल्यावर पाणी ओतलं तर तुमच्याकडं काही होतं?" काही होत नाही. "मग दोष तुमच्याच घरात हाय. गल्लीला बोल लावू नका. जाळी काढा आणि आत हात घाला." घरी जाऊन हात घातला, तर भांडी घासायच्या काथ्याचा बोळा निघाला. खात्यातल्या ओळखीचा मला झालेला उपयोग तो एवढाच.

पुढे शेजारच्या टेबलावर बसून मी हेच प्रश्न शेकडो लोकांना विचारले जाताना ऐकले. लोक "गटार तुंबलं, माणसं पाठवा" म्हणत तरातरा येत आणि हे शांतपणे विचारत, पाणी कोणाच्या घरात येते, केव्हा येते, आणि तेव्हा कोण काय करत असते. लोक चिडत. अप्पासाहेब चिडत नसत. पोट दुखते म्हटल्यावर कोणी लगेच पोट फाडत नाही, एवढेच ते म्हणत आणि प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारत. त्यांच्या या सवयीने माझा जीव अनेकदा मेटाकुटीला आला आहे, हेही नमूद केले पाहिजे.

चेंबरमध्ये उतरणाऱ्या कामगारांच्या बाबतीत मात्र ते प्रश्न विचारत नसत, हुकूम देत. पुढचे-मागचे झाकण उघडून आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत कोणी खाली वाकायचेसुद्धा नाही. एकदा एका बड्या घरी लग्न होते, अंगणात घाण पाणी आलेले, यजमान डोक्यावर उभे राहून ओरडत होते. अप्पासाहेब उन्हात उघड्या झाकणाजवळ नुसते उभे राहिले. यल्लप्पा नावाचे आमचे जुने कामगार मला म्हणाले, "ह्यो सायेब हाय म्हणून आमी सांच्याला घरी जातोय की." त्यावर आणखी काही लिहायची गरज नाही.

गौरवलेखात सत्कारमूर्तींच्या चुका लिहू नयेत असा संकेत आहे. मी तो मोडणार आहे. आधी अप्पासाहेबांना विचारले. ते म्हणाले, "लिहा की. घडलंय ते."

दुष्काळाचे वर्ष होते. मंगळवेढ्याकडच्या गंगाक्का, लवकर विधवा झालेल्या, एका गल्लीच्या सखल टोकाला गिरणी कामगारांसाठी खानावळ चालवत. म्हाताऱ्या सासूचे आणि त्यांचे पोट तिच्यावरच होते. त्यांच्या अंगणात घाण पाणी वर येऊ लागले आणि गल्लीने एकमुखाने ठरवले, की खानावळीची भांडी घासायची राख गटारात जाते, म्हणून सगळ्यांची लाइन तुंबते. गल्लीच्या वरच्या टोकाला राहणारे तात्या या तक्रारीचे पुढारी होते.

अप्पासाहेब गेले, अंगणातले चेंबर उघडले, तळाशी राख दिसली. त्या दिवशी कामाची घाई होती की काय कोण जाणे, त्यांनी आपले नेहमीचे प्रश्न विचारले नाहीत. सगळ्या गल्लीसमोर ते म्हणाले, "राखेनंच तुंबलंय." दुरुस्ती झाली नाही तर जोडणी तोडण्याचा शेरा त्यांनी दिला. जोडणी तुटली म्हणजे खानावळ बंद. पण ती त्याआधीच बंद पडायला आली. साहेबांनीच खानावळीवर बोट ठेवल्यावर तिथे जेवायला कोण येणार? कामगार दुसरीकडे जाऊ लागले. थापलेल्या भाकऱ्या तशाच उरू लागल्या.

गंगाक्कांनी राख गटारात टाकणे बंद केले. तरी पाणी येतच राहिले. हे कळताच कोणाचा अर्ज नसताना अप्पासाहेब आपण होऊन तिथे गेले. मीही बरोबर होतो. त्यांनी गंगाक्कांना पाणी अजिबात सांडू नका म्हणून सांगितले आणि चेंबरचे झाकण काढून समोर बसले. मग तात्यांना निरोप धाडला, की धुण्याचे पाणी मोरीत ओता.

तात्या तणतणत आले. "पाण्याचा दुष्काळ हाय आन् तुमी वता म्हणता?"

"धुण्याचंच म्हणतोय, तात्या. पिण्याचं नाही," अप्पासाहेब म्हणाले.

तात्यांच्या घरी पाणी ओतले गेले आणि गंगाक्कांच्या चेंबरमध्ये ते फुगून वर आले. गंगाक्कांच्या घरात तेव्हा थेंबही सांडला नव्हता. रस्त्यावरचे पुढचे चेंबर उघडले, तर ते जवळजवळ कोरडे. म्हणजे अडथळा या दोहोंच्या मधे, गंगाक्कांच्या घराच्या पुढे. सगळ्या गल्लीचे पाणी तिथे अडत होते आणि गंगाक्कांचे अंगण सर्वांत खाली, म्हणून तिथे दिसत होते. मधल्या जागेत गल्लीच्या तोंडाशी एक कडुनिंब होता. खणले. पाण्याच्या शोधात त्याची मुळे पाइपाच्या सांध्यातून आत शिरली होती आणि आत केसांच्या गंगावनासारखा जाड झुबका झाला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, त्यातला प्रकार.

मुळे कापली, सांधा नव्याने भरला, पाणी वाहू लागले. झाडाला मात्र अप्पासाहेबांनी हात लावू दिला नाही. ऑफिसात बसून शेरा बदलला असता तरी नियमाने काम संपले असते. अप्पासाहेबांनी गल्लीला गोळा केले आणि जिथे उभे राहून पूर्वी बोलले होते तिथेच उभे राहून म्हणाले, "राखेचं मी म्हणालो होतो. ते चूक होतं. न विचारता बोललो. अक्कांचा काही दोष नव्हता."

गंगाक्का काही विरघळल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "सायेब, तुमच्या तोंडानं माजी गिऱ्हाइकं गेली. आता शब्दानं येत न्हाईत ती. तुमी हितं बसून जेवा, समद्यांच्या म्होरं."

अप्पासाहेब बाहेर कोणाकडे जेवत नाहीत, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. अंगावर इष्टलिंग, नित्याची पूजा, दुपारचा डबा घरचा. ऑफिसातला चहासुद्धा त्यांनी कधी घेतला नव्हता. मी मनात म्हटले, झाले, आता हे अवघडले. ते सायकल काढून घरी गेले, आंघोळ केली, पूजा केली, आणि गिरणी सुटायच्या वेळेला परत आले. अंगणात, रस्त्यावरून दिसेल असे बसले. गंगाक्कांनी भाकरी, आमटी आणि शेंगाचटणी वाढली. गिरणीतून सुटलेली माणसे थबकून बघत होती. अप्पासाहेब सावकाश जेवले, दुसरी भाकरी मागून घेतली. पहिला कामगार चप्पल काढून शेजारी येऊन बसला, तेव्हा माझे डोळे भरून आले. नोकरीत असा प्रसंग माझ्यावर पुन्हा आलेला नाही.

या गौरवग्रंथासाठी आठवण सांगा म्हणून आम्ही परवा गंगाक्कांकडे गेलो. खानावळ भरलेली होती, त्यांना बोलायला सवड नव्हती. पीठ मळता मळता त्या एवढेच म्हणाल्या, "चुकल्ती तर समदी गल्ली. माघारी आले ते एकलेच."

अप्पासाहेबांना साठ वर्षे पुरी होत आहेत. त्यांना उदंड आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो, आणि जिथे आपले चुकले असे वाटेल तिथे पुन्हा माघारी जाण्याइतके बळ त्यांच्या पायांत शेवटपर्यंत राहो.