गळ्याची शपथ

आमच्याकडं शपथ घ्यायची एक रीत आहे. जिवाभावाच्या माणसाच्या गळ्याची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरायची आणि म्हणायचं, "तुझ्या गळ्याची आण." शपथ मोडली तर ज्याचा गळा धरला त्याचं बरंवाईट होतं म्हणतात. म्हणून लेकराच्या गळ्याला हात लावताना आईबाप दहादा विचार करतात. माझ्या आईनं तेवढा केला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

आईला मिश्रीची सवय. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची आणि सकाळी बोटानं दातांना लावून परसात निवांत बसायचं. कोळवण खोऱ्यातल्या आमच्या गावात बायका याला व्यसन म्हणतच नाहीत. दात घासणं म्हणजे का व्यसन? पण आमच्या आळीतल्या एका बाईच्या गालाला आतून जखम झाली, ती बरी होईना, तेव्हा मी घाबरून आईच्या मागे लागले. शेवटी तिनं माझा गळा धरला, आण घेतली आणि डबी माझ्यादेखत उकिरड्यावर फेकली. मी शहराजवळच्या माण गावात राहते, तिथल्या एका कंपनीच्या कँटीनवर देखरेख करते. आईनं एका दिवसात मिश्री सोडली, हे मी तिथं ज्याला त्याला मिरवून सांगितलं.

काही वर्षांनी भातकापणीच्या दिवसांत तिच्या पोटात दुखायला लागलं. ओवा खाऊन तिनं ते अंगावर काढलं. आतड्याला पीळ पडला होता. शहरातल्या दवाखान्यात नेईपर्यंत तेवढा भाग काळा पडला होता. तो कापून दोन्ही टोकं जोडायची ठरलं. आधी डॉक्टरांनी विचारलं, साखर आहे का, दम्याच्या गोळ्या चालू आहेत का, तंबाखू, मिश्री?

"कसलंच न्हाई," आई म्हणाली.

"होती पूर्वी, पण सोडून वर्षं झाली," मी वर फुशारकीनं सांगितलं.

सुरुवातीला सगळं ठीक वाटलं. आईला वारा सरला, म्हणजे आतडं चालू झालं, तेव्हा आम्ही पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. मग अंगात ताप भरला. पोट टणक झालं, नाडी पळायला लागली, आणि पोटातून बाहेर काढलेल्या नळीत हिरवट घाण दिसू लागली. आतड्याचा जोड गळला होता. आतली घाण पोटभर पसरत होती. पुन्हा पोट उघडलं, धुतलं, आणि आतड्याचं तोंड बाहेर काढून त्यावर पिशवी लावली. मी बाहेरच्या बाकड्यावर बसून देवाला नाही नाही ते बोलले.

नंतर आईच्या खाटेपाशीच मी डॉक्टरांना विचारलं, असं का झालं? ते म्हणाले, एकच कारण नाही सांगता येत. उशिरा आणलंत, अंगात रक्त कमी, आतडं सुजलेलं. तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जोडाला रक्त पुरत नाही, तो भरत नाही. "पण यांनी तर सोडलीय," ते म्हणाले. आई छताकडं बघत होती. मला वाटलं, टाके दुखत असतील.

मी रजा टाकून गावी राहिले. अंडी, मुगाचं पातळ वरण, थोडं थोडं, पुन्हा थोडं. अंगणात हात धरून चालवणं. पिशवी रिकामी करणं मी शिकले, किळस गिळून शिकले. आई शेजारीपाजारी जाईना, वास येईल म्हणून लाजायची. "एकदाची ही काढा रं," एवढंच तिचं मागणं. तब्येत सुधारली की आतडं पुन्हा जोडून पिशवी काढायची होती. तो जोड तरी धरायला हवा, यापलीकडं मला काही सुचत नव्हतं.

एका सकाळी गरम पाणी घेऊन मी परसात गेले. पलीकडच्या पायरीवर माझी काकी, म्हणजे धाकटी चुलती, हातात डबी घेऊन बसली होती. शेजारी आई.

"सुटली म्हण की गं बिगीनं," आई म्हणाली.

"सुटली, सुटली, सुटली. लावा आता."

दुसऱ्यानं "सुटली" म्हटलं की शपथ सुटते, कुणाला बाधत नाही. पोरं खेळात म्हणतात. या दोघी म्हाताऱ्या रोज म्हणत होत्या. मी पाणी तिथंच पायरीवर ठेवलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"अगं, डबी फेकली त्याच्या दुसऱ्या दिसापास्नं," काकी म्हणाली, जणू कौतुकाची गोष्ट. "तुला काय हू नये म्हून म्हणतीया मी रोज. तुझ्या आईला लई काळजी हाय तुझी."

"आणि दवाखान्यात?"

"तितं मीच पुडी न्हेत हुते, पदराला बांधून."

कुंपणानंच शेत खाल्लं होतं. मी वरण गाळत होते, या पुड्या बांधत होत्या. आईनं माझ्याकडं बघितलंही नाही. शांतपणे चूळ भरली.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, मिश्री खरोखर सुटल्याशिवाय मी जोडायची घाई करणार नाही. पुन्हा गळला तर यांना झेपणार नाही.

परतताना जीपमध्ये आई तोंड फिरवून बसली होती. गावचा फाटा आल्यावर बोलली, "परक्या माणसाम्होरं आईला उघडं पाडलंस. पोटची असून दगा दिलास."

दगा म्हणे मी दिला! चोराच्या उलट्या बोंबा. उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं, पण जीप माणसांनी भरली होती.

घरी आल्यावर मी तिची पिशवी बदलली. तेव्हा ती जरा नरमली. "बरं बाई, आता खरंच सोडते," म्हणाली आणि सवयीनं तिचा हात माझ्या गळ्याकडं आला. चिमटी बसलीसुद्धा.

मी तो हात धरला आणि खाली आणला. नव्या पिशवीवर, तिच्या स्वतःच्या पोटावर ठेवला.

"माझी नको. या पोटाची घे शपथ."

आईनं पिशवीकडं बघितलं. मग माझ्याकडं. हळूच तिनं हात काढून घेतला आणि पदराखाली लपवला.

"आसं पोटावर हात ठिवून कोण शपथ घेतं व्हय?" ती म्हणाली. "काय वंगाळ झालं तर?"