अस्तराचा आणि कापडाचा

छातीवर दोन बोटं आपटून काका म्हणायचे, "रमणला अस्तराचा झाला, आपल्याला कापडाचा. यातही त्याचंच नशीब!"

कॅन्सरबद्दल असं बोलणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला, आमच्याच गल्लीत. काकांचे पणजोबा मराठी संस्थानच्या फौजेतून गुजरातेत आले, ते घराणं इथलंच झालं. काका शहराच्या गोरवा भागातल्या एका कारखान्यात रमणभाईंबरोबर गरम पाइपांना अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळायचे. संध्याकाळी दोघं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे होऊन सायकलीवर परतायचे. काका बिडी ओढायचे. रमणभाईंनी आयुष्यात सुपारीही चघळली नाही.

म्हातारपणी दोघांना धाप लागू लागली. रमणभाईंच्या फुप्फुसाभोवतीच्या पातळ आवरणात रोग निघाला, मेसोथेलिओमा. पाणी साचत होतं, काढलं तरी पुन्हा भरत होतं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलंत का?" काकांच्या फुप्फुसाच्या आतच गाठ निघाली. त्यांना पहिला प्रश्न आला, "बिडी किती ओढता?"

तिथून काकांचा जळफळाट सुरू झाला.

"त्याला रोग कारखान्याने दिला, आणि मी म्हणे दुकानातून विकत आणला!" कोपऱ्यावरच्या चहाच्या लारीवर ते सगळ्यांना ऐकवायचे.

रमणभाई धापा टाकत हसायचे. त्यांचं मराठी अर्धं गुजरातीच. "अरे, तुझी गाठ डॉक्टर कापायची तरी बात करतो. माझं अस्तर कुठून उसवणार? आणि तू तो बिडीची मजा लीधी. मी तर फुकटमां चाललो."

"मग घे ना माझा, दे तुझा!"

"लाव, आण इकडे!" म्हणत रमणभाई हात पुढे करायचे.

मी तेव्हा कामगार संघटनेची पत्रकं लिहायचे. अ‍ॅस्बेस्टॉसवरच्या पत्रकात दोघांची नावं घातली होती. बैठकीत काकांचं खोडलं गेलं. "बिडीवाला नको, मालकाला आयतं कोलीत मिळेल," ज्येष्ठ म्हणाले. मी भांडले. अ‍ॅस्बेस्टॉसने फुप्फुसातली गाठही होते, आणि वर बिडी असेल तर धोका कितीतरी वाढतो, हे डॉक्टरांनीच मला सांगितलं होतं. दोन विषांपैकी एक कामगाराने घेतलं म्हणून दुसरं पाजणारा निर्दोष कसा सुटतो? तरी हात माझ्याविरुद्धच वर झाले.

पत्रक काकांनी उलटंपालटं करून पाहिलं. "रमणचा फोटोसुद्धा! आणि मी कुठे?"

मी कारण सांगितलं. ते बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "पोरी, त्या धुळीला कुठे ठाऊक होतं, कोण बिडी ओढतो ते?"

पुढच्या पत्रकात तेच वाक्य सर्वांत वर घालायचं मी ठरवलं. या वेळी हात माझ्या बाजूने वर झाले. पण पत्रक छापायला जाण्याआधीच काका गेले. घरी येणारा जाणारा एकच बोलत होता, "बिडीने नेलं."

दहाव्याला घाटावर पिंडाशेजारी कुणीतरी बिडीची जुडी ठेवली. आवडती वस्तू. कावळे झाडावर बसून राहिले. मी असलं काही मानत नाही, पण ती जुडी पाहून माझं डोकं तापलं. जणू आरोपपत्रच ठेवलं होतं तिथे.

रमणभाई रिक्षातून उतरले, दोनदा थांबत पिंडापर्यंत आले. वाकून त्यांनी ती जुडी उचलली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

"एकली बिडीने नाय नेला," ते जमलेल्यांना म्हणाले. "आमी बेउ जण, दोघंय, एकच धूळ खात होतो."

झाडाकडे मी पाहिलंच नाही. रमणभाईंना धरून रिक्षापर्यंत आणलं, तेव्हा त्यांनी माझा हात दाबला.

"बेन, नव्या पत्रकात एनुं, काकाचं, नाव माझ्या वर टाक. नाहीतर तिकडेपण जळत बसेल."